चिखलाच्या तीन रेघा

मी एकदा चिखल ओळखला आणि त्याला नाकतोड्याचं नाव दिलं. तोंडी असतं तर निभावलं असतं. मी ते कार्यालयाच्या कागदावर लिहून दिलं, शिक्क्यासकट, आणि खाली माझी झोकदार सही केली. तेव्हा मी चाळिशीच्या आसपास होते आणि आपलं कधी चुकत नाही, अशी माझी शास्त्रीय खात्री होती.

दिवाळी अंकासाठी लिहायला बसले तशी नात म्हणाली, "आजी, तू ऑफिसमध्ये एग्झॅक्टली काय करायचीस?" ती संगणकाच्या कंपनीत आहे. ती काय करते हे तिनं मला सहा वेळा सांगितलंय आणि मला सहाही वेळा कळलेलं नाही, म्हणून मीही मोघमच सांगितलं, "नाकतोडे ओळखायचे."

"आणि त्याचा पगार द्यायचे?"

"द्यायचे. वर महागाई भत्ता."

आमचं कार्यालय पिकांवरच्या किडींची पाहणी करणारं, अगदी लहानसं. शनिवार पेठेत एका दंतवैद्याच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. चुकून एक जिना जास्त चढलेली माणसं गाल धरून आमच्या दारात उभी राहायची आणि भिंतीवरच्या पेट्यांत टाचण्यांनी टोचलेले किडे बघून, दात दुखत असतानाही, भराभर खाली उतरायची. त्याशिवाय हौशी गिऱ्हाइकं असायची. कोथरूडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी काड्यापेटीत एक नाकतोडा घालून आले होते. "टोळधाडीची सुरुवात आहे का, एवढंच सांगा. म्हणजे तशी नोटीस लावतो." मी म्हटलं, "एक आलाय ना? मग लावा की. वाचायला यायचा तो." त्यांनी माझी तक्रार केली. साहेबांनी मला समज दिली आणि चहाच्या वेळी तोच विनोद स्वतःचा म्हणून सगळ्यांना सांगितला.

बाहेरच्यांना सगळे नाकतोडे सारखेच वाटतात. वाटू देत. मलाही सुरुवातीला वाटायचे. रंगावर जायचं नाही, हा पहिला धडा. एकाच जातीत हिरवे निघतात तसे मातकटही निघतात. आकारावर तर मुळीच जायचं नाही, कारण काही जातींत नर मादीच्या निम्म्यानं असतो आणि तासन्‌तास तिच्या पाठीवर बसून असतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी पाहणीच्या वहीत लिहिलं होतं, 'आई पिल्लाला पाठुंगळी घेऊन हिंडताना आढळली.' जाळी घेऊन किडे पकडायला माझ्याबरोबर शंकरराव असत. सातवी पास, वयानं मोठे आणि अख्ख्या कार्यालयात सगळ्यांत हुशार. त्यांनी ती नोंद वाचली, जरा खोकले आणि म्हणाले, "बाई, तुमचं लग्न ठरलंय ना? मग राहू द्या आत्ता. पुढच्या वर्षी दुरुस्त करू."

नाकतोडा ओळखावा तो सकाळी, शिवारात. दव असेपर्यंत तो थंडीनं आखडलेला असतो, सहज हाताला लागतो. मागचे दोन्ही पाय मिळून हलक्या चिमटीत धरायचे. एकच धरला तर पाय तुमच्या हातात ठेवून तो निघून जातो. मग मानेवरची ढाल बघायची, उलटा करून पुढच्या पायांमधली बारीक खुंटी बघायची, पंख उलगडून खालचा रंग बघायचा, शेवटी शेपटाचं टोक. आणि हे सगळं करण्याआधी रंगकामाच्या बारीक ब्रशानं त्याला पुसून घ्यायचं. हे शेवटचं वाक्य मी नव्या मुलांना पाठ करायला लावत असे. स्वतः पाठ केलं नव्हतं.

आता माझ्या गोष्टीतले दोन नाकतोडे. दोन्ही हिरवे, दोन्ही उसात-भातात राहणारे, आणि आपण जवळ गेलो की दोन्ही पानाच्या पलीकडच्या अंगाला सरकतात, उसने पैसे दिलेला माणूस दिसावा तसे. त्यातला एक दांडगा. त्याच्या मानेच्या ढालीवर तीन आडव्या काळ्या रेघा असतात, टाकानं ओढल्यासारख्या. आम्ही त्याला 'रेघाळ' म्हणायचो. तो अंडी घालतो बांधाच्या मातीत, म्हणून त्याच्यावरचा ठरलेला उपाय असा, की उन्हाळ्यात बांध वरच्यावर खरवडायचा. अंडी उघडी पडतात, उन्हानं वाळतात, पाखरं खातात. दुसरा सडपातळ, तुकतुकीत, डोळ्याच्या मागून थेट कुशीपर्यंत तपकिरी पट्टा. हा 'पट्टेवाला'. खातो थोडंफार, पण अंडी घालतो ओलीतल्या गवताच्या बुडख्यांशी. त्याच्यासाठी बांध खरवडणं म्हणजे शेजारच्याला ताप आला म्हणून आपण गोळी घेणं.

ढालीवर खाचा दोघांनाही असतात. रेघाळच्या खाचा काळ्या असतात, एवढाच फरक. आणि स्पिरिटच्या बाटलीत महिनाभर राहिला की कुठलाही नाकतोडा पाणी घातलेल्या चहाच्या रंगाचा होतो. हिरवा जातो, पट्टा जातो. म्हणून बाटलीवरून जात सांगू नये.

नव्वदीचं दशक निम्मं उलटलं होतं. पुण्याला तेव्हा एकदम घाई झाली होती. आमच्या कार्यालयात पहिला संगणक आला होता आणि प्लास्टिकचं झबलं घालून कोपऱ्यात बसला होता. पुण्याजवळच्या मांजरी गावच्या बाजूला उसातून मोटारसायकली फिरायला लागल्या होत्या, पुढे एजंट आणि मागे गॉगल लावलेलं गिऱ्हाईक. कालपर्यंत एकराचा जो भाव होता तो आज गुंठ्याचा झालाय, असं शंकरराव सांगायचे. मी म्हणायचे, "आपल्याला काय त्याचं? आपण किड्यांचे."

चैत्रात मांजरीहून बाळासाहेब नावाचे एक बागायतदार आले. पांढरे कपडे, कमरेला पेजर, हातात लोणच्याची बाटली. बाटलीत स्पिरिट आणि सहा-सात नाकतोडे. मागच्या हंगामात धरून ठेवले होते, म्हणाले.

"बाई, ऊस खाल्ला हो सगळा. बांधात अंडी घालतो ना ह्यो?"

"जात बघावी लागेल."

"बघा की. घालत असला तर बांध काढावा लागंल. तसं लिहून देता का?"

नाकतोड्याच्या अंड्यांबद्दल स्वतःहून विचारणारा शेतकरी मी प्रथमच पाहत होते. मी भारावले. त्यांचं सगळं लक्ष नाकतोड्यापेक्षा बांधाकडे आहे, हे कळायला निराळी हुशारी लागते, आणि ती माझ्याकडे नव्हती. त्यातून त्या दिवशी दिल्लीहून एक वरिष्ठ अधिकारी आमचं कार्यालय बघायला आलेले, समोरच्या खुर्चीत बसलेले. मी बाटलीतून एक नाकतोडा काढला, भिंगाखाली धरला, तीन काळ्या रेघा पाहिल्या आणि अर्ध्या मिनिटात नाव सांगितलं. वरिष्ठ म्हणाले, "वा!"

शंकरराव हळूच म्हणाले, "बाई, मांजरी काही लांब नाही. सकाळी जाऊन बांध उकरून बघू. अंडी असली तर दिसतीलच."

"शंकरराव, तीनपर्यंत येतं हो मला मोजता," मी म्हटलं. वरिष्ठांनी ऐकावं अशा आवाजात.

पत्र गेलं. 'उन्हाळ्यात बांध खरवडून अंडी उघडी करावीत.' शिक्का, सही.

भाद्रपदात पाहणीसाठी मी आणि शंकरराव मांजरीला गेलो. बाळासाहेबांचा ऊस कमरेएवढा झाला होता. शंकररावांनी पहिल्या फेरीतच चार नाकतोडे धरले आणि माझ्यापुढे केले. चारही पट्टेवाले. पुढची फेरी, पट्टेवाले. मी म्हटलं, "पलीकडच्या कडेला बघू." पलीकडेही तेच. शंकरराव धरतील तो नाकतोडा माझ्यापुढे करत राहिले. 'मी सांगत होतो' म्हणाले असते तर बरं झालं असतं.

कडेच्या सऱ्यांमध्ये एक म्हातारी बाई चौघडी केलेल्या पोत्यावर बसलेली होती. उसाच्या आत, सावलीही नाही अशा जागी. आम्हाला बघून तिनं विचारलं, "नाकतोड्याच्या बाई त्या तुमीच का?"

"हो. का हो मावशी?"

"काय न्हाई. बघायची व्हती कशी दिसती."

त्या तानूबाई. बाळासाहेबांच्या थोरल्या भावाची बायको. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी नांदायला सोलापूरकडे. शेजारचा वीस गुंठ्यांचा तुकडा त्यांचा, आणि मधे बांध. वैशाखात बाळासाहेबांनी ट्रॅक्टर घातला आणि तो बांध सपाट केला. त्या आडव्या गेल्या तेव्हा त्यांना पत्र दाखवलं, 'सरकारी हाय, किडीसाठी हाय.' महिन्याभरानं नवा बांध घातला तो तानूबाईंच्या रानात आठ पावलं आत. गावात बांध कोरणारे पुष्कळ असतात, वर्षाला एक वीत, गुपचूप. एका झटक्यात आठ पावलं कोरायला माझी सही लागली.

"मी बसलीया न्हवं, हितं व्हता बांध," त्या म्हणाल्या. "सकाळी येती, दिस मावळला की जाती. दिरानं दोन टायमाला उठवलं. पुन्यांदा येऊन बसली. उठले तर समदी इसरतील की हो कुठं व्हता ते."

मी काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही. बहुधा 'बघते' म्हटलं असेल. सरकारी माणूस दुसरं काय म्हणतो?

कार्यालयात येऊन मी ती लोणच्याची बाटली काढली. तोच नाकतोडा भिंगाखाली धरला आणि आता ब्रश हातात घेतला. एकदा फिरवल्यावर पहिली रेघ गेली. मग दुसरी. तिसरीला जरा घासावं लागलं. बशीत उसाच्या रानातली काळी माती उतरली आणि ढालीवर राहिल्या तीन स्वच्छ, रिकाम्या खाचा.

त्यानंतरचे दिवस मला बसवेना. अक्षरशः. खुर्चीत टेकलं की पोत्यावर बसलेली ती बाई दिसायची. मी डबा उभ्यानं खाल्ला, भिंगाखालचं काम उभ्यानं वाकून केलं, कंबर धरली. भाजी घेऊन पैसे दिले आणि भाजी तिथेच ठेवून घरी आले, तेही तीनदा. मोपेडवरून आमची गल्ली सोडून पुढे जायचे. नवऱ्यानं विचारलं, "काय बिनसलंय?" मी म्हटलं, "काही नाही, नाकतोडे." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्यांना हे उत्तर पुरेसं वाटलं.

शेवटी साहेबांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"लेलेबाई, चुका सगळेच करतात. लेखी कबुली फक्त मूर्ख देतात."

"पण साहेब, त्या बाईंची जमीन..."

"आपण खरवडा म्हटलं. हलवा म्हटलं का? नाही. मग? शाखाप्रमुखाची जागा भरायचीय, तुमचं नाव वर आहे. ती बाटली जुनी झाली. टाकून द्या."

खोटं कशाला सांगू? बरं वाटलं ऐकून. बाटली पर्समध्ये घालून मी चार दिवस हिंडत होते. नदीवरच्या पुलावर दोनदा मोपेड थांबवली. दुसऱ्या वेळी बाटली हातात घेतलीसुद्धा. तेवढ्यात शेजारी एक आजोबा येऊन उभे राहिले. "निर्माल्य आहे का? नदीत टाकू नका, तिकडे कलश ठेवलाय. शिकलेल्या दिसता." मी म्हटलं, "निर्माल्य नाही, नाकतोडे आहेत." "मग तर मुळीच टाकू नका," आजोबा म्हणाले आणि मी मोपेड चालू करेपर्यंत तिथून हलले नाहीत. पुण्यात माणसाला धड पापसुद्धा करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीचं पत्र लिहिलं. साहेबांनी ते पुढे पाठवायला नकार दिला, तेव्हा मी ते स्वतः तहसील कचेरीत नेऊन दिलं. दिवाळी झाल्यावर मांजरीच्या चावडीत मंडल अधिकाऱ्यांनी सगळ्यांना बोलावलं. बाळासाहेब आले, चार माणसं घेऊन. तानूबाई आल्या नाहीत. 'मी उठले की बांध उठतो' एवढाच त्यांचा निरोप.

मंडल अधिकारी तरुण होते आणि कंटाळलेले होते. बाळासाहेब म्हणाले, "साहेब, बाई मोठ्या हायेत, पर माणूस हाय. तवाचा नाकतोडा येगळा व्हता, आताचा येगळा. हवामान बदलतंय."

मी म्हटलं, "बाळासाहेब, नाकतोडा बदलला असेल. बांध का सरकला?"

"नाकतोडा सरकला म्हनून बांध सरकला."

चावडी हसली. मी घाबरलेली होते, हे आज सांगायला हरकत नाही. एवढ्या माणसांत आपण चुकलो असं म्हणायची मला सवय नव्हती. बरोबर आहे असं म्हणायची होती. शंकररावांनी पिशवीतून दोन बरण्या काढून टेबलावर ठेवल्या. एकीत मांजरीचे पट्टेवाले, दुसरीत ते स्वतः मुळशीकडच्या भातातून धरून आणलेले रेघाळ. सगळे जिवंत. मी लोणच्याची बाटली उघडली, त्यातला न पुसलेला एक नाकतोडा बशीत ठेवला आणि ब्रश अधिकाऱ्यांच्या हातात दिला.

"पुसा."

"मी?"

"मी पुसला तर बाळासाहेब म्हणतील, बाईंनी रेघा खोडल्या."

ते पुसत गेले. रेघा गेल्या. मग ते बरण्यांवर वाकले आणि मी न सांगता म्हणाले, "म्हणजे ह्याच्या रेघा जात नाहीत, आणि हा डोळ्यात काजळ घातलेला तो वेगळा." इतक्या वर्षांत मला याहून हुशार विद्यार्थी मिळाला नाही. बाळासाहेबांनी झाकण उचलून बघितलं तसा एक रेघाळ उडाला आणि तलाठ्याच्या कागदांवर जाऊन बसला. तलाठी ओरडला. कंटाळा मात्र गेला अधिकाऱ्यांचा.

"बाई, पहिलं पत्र चुकीचं होतं, असं लिहून देता?"

"देते. जागेवर न जाता दिलं, तेही लिहिते."

शंकरराव माझ्याकडे न बघता बरण्यांना फडकं बांधत होते. त्यांनी हळूच हलवलेली ती मान मला शाखाप्रमुखाच्या खुर्चीपेक्षा मोठी वाटली, असं मी लिहिणार होते. पण ते खरं नाही. खुर्ची दुसऱ्याला मिळाली तेव्हा मी रडले होते. ते गृहस्थ सज्जन होते, त्यामुळे त्यांना शिव्याही घालता आल्या नाहीत.

मार्गशीर्षात मोजणी झाली. जुन्या जागी दगड रोवले, बांध माघारी आला. आता त्या बाजूला ऊस कुठे होता हेही सांगता येत नाही, इमारतींना फक्त अक्षरं आहेत, ए, बी, सी. पट्टेवाले कुठे गेले, मला माहीत नाही. त्यानंतर मी एकही जात बाटलीवरून सांगितली नाही, पण आधी किती सांगितल्या होत्या? त्या सगळ्या बाटल्यांत किती चिखल होता? हे मोजायचा मार्ग नाही, आणि या वयातही दुपारी पडल्या-पडल्या ते आठवलं की मी उठून घरात फेऱ्या घालते. सून म्हणते, "आई, पाय दुखतील." दुखतात.

दगड रोवल्यावर आठवड्यानं मी मांजरीला गेले. खण-नारळ घेतला, पेढे घेतले. तानूबाई काय म्हणतील ते मनाशी ठरवूनही ठेवलं होतं. 'बाई, तुमचे उपकार,' असं काहीतरी. मी 'छे छे, अहो कर्तव्यच ते' म्हणणार होते.

त्या घरी होत्या. त्यांनी मला बसायला पाट दिला, चुलीवर चहा केला, खण पदरात घेतला, नारळ कपाळाला लावला. माझा चहा पिऊन झाला. मग समोर टेकल्या, गुडघ्यावर हात ठेवून, आणि म्हणाल्या, "बाई, बांध गेला तुमच्यापायी आन् माघारी आलाबी तुमच्यापायी. त्याचं फिटलं. पर सात म्हैनं मी त्या पोत्यावर बसले, ल्येकीचं बाळंतपन आलं तरी उठले न्हाई. ते कुनाकडं मागू, तेवढं सांगा."